नाव, चेहरा आणि पटकथा

शाळेत गोळीबार करणाऱ्याचे चित्रण वृत्तमाध्यमांनी कसे करावे, या प्रश्नाचा अमेरिकेतील प्रवास पाहिला, तर आरंभी तो नीतीचा नव्हे, बातमीदारीतील चपळाईचाच विषय होता असे दिसते. १९७९ मध्ये सॅन डिएगोतील एका प्राथमिक शाळेवर समोरच्या घरातून गोळ्या झाडणाऱ्या १६ वर्षांच्या मुलीला, पोलिसांचा वेढा उठलेला नसतानाच, एका वार्ताहराने दूरध्वनीवर कारण विचारले. सोमवार आवडत नाही, हे तिचे उत्तर जगभर गेले आणि त्यावर रचलेले गाणे त्याच वर्षी ब्रिटनमध्ये विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचले. मारले गेलेले मुख्याध्यापक आणि शाळेचा देखभाल कर्मचारी त्या एका वाक्यामागे पुसट झाले.

२० एप्रिल १९९९ रोजी कोलोरॅडोतील कोलंबाइन शाळेत १२ विद्यार्थी आणि एक शिक्षक मारले गेले, तेव्हा या चपळाईला कथेची जोड मिळाली. 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर दोन्ही हल्लेखोरांची छायाचित्रे मोठी, रंगीत आणि मधोमध होती, तर मृतांची लहान, कृष्णधवल आणि कडेला. घटनेचा कोणता भाग उजेडात ठेवायचा आणि कोणता सावलीत, हे ठरवणाऱ्या मांडणीला माध्यम-अभ्यासक 'चौकट' म्हणतात. इथे ती शब्दशः छापली गेली होती. छळाला विटलेल्या, लांब काळे कोट घालणाऱ्या टोळीतील मुलांनी खेळाडूंवर उगवलेला सूड, ही कथा काही तासांतच तयार झाली. ही मुले त्या गटाची नव्हती आणि उपाहारगृहात ठेवलेल्या, पण न फुटलेल्या बाँबनी सरसकट सगळ्यांनाच मारण्याचा त्यांचा बेत होता, हे पुढे तपासातून उघड झाले. तोवर सुडाची कथा मात्र रुळून गेली होती.

त्या कथेचे वाचक कोण होते, हे २००७ मध्ये कळले. व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ३२ जणांना ठार करणाऱ्याने दोन हल्ल्यांच्या मधल्या वेळेत टपाल कार्यालयात जाऊन स्वतःची छायाचित्रे, ध्वनिचित्रफिती आणि लिखाण एनबीसी वाहिनीकडे रवाना केले. त्या लिखाणात कोलंबाइनच्या जोडीला त्याने हुतात्मे म्हटले होते. वाहिनीने दोन दिवसांनी ते प्रक्षेपित केले आणि कॅमेऱ्यावर पिस्तूल रोखलेला त्याचा चेहरा, कोपऱ्यात वाहिनीचे बोधचिन्ह मिरवत, घरोघरी पोचला. मृतांमध्ये मुंबईहून शिकायला गेलेली एक विद्यार्थिनीही होती. तिचा चेहरा किती जणांना आठवतो?

येथून प्रश्नाचा रोख बदलला. हल्लेखोर कसा होता, यापेक्षा त्याला दाखवल्याने काय घडते, हे विचारले जाऊ लागले. आत्महत्येच्या ठळक बातम्यांनंतर आत्महत्या वाढतात, असे समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिलिप्स यांनी १९७४ मध्येच मांडले होते. तोच 'संसर्गा'चा, म्हणजे एका कृत्याने दुसऱ्याची शक्यता वाढण्याचा, विचार २०१५ मधील एका संख्याशास्त्रीय अभ्यासाने शाळांतील गोळीबाराला लावला आणि वाढलेला धोका सरासरी १३ दिवस टिकतो असा निष्कर्ष काढला. नाव घेऊ नका, चेहरा दाखवू नका, बाकी सर्व सांगा, ही मागणी यातून बळावली. २०१९ मध्ये क्राइस्टचर्चच्या मशिदींवरील हल्ल्यानंतर न्यूझीलंडच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी हल्लेखोराचे नाव उच्चारणार नाही असे संसदेतच जाहीर केले.

मागणी रास्त आहे, पण अपुरी. (कीर्तीसाठी देवालय जाळणाऱ्याचे नाव घेण्यास प्राचीन इफिससने बंदी केली होती, ते नाव आजही ठाऊक आहे.) अनुकरण करणारा नावापेक्षा पटकथा उचलतो: अपमान, सूड आणि शेवटी साऱ्या जगाचे लक्ष. नाव गाळूनही ही पटकथा जशीच्या तशी छापता येते आणि ती जन्मते ती 'का?' या प्रश्नाला पहिल्या दिवशीच उत्तर देण्याच्या हव्यासातून. त्या दिवशी साधे 'कोण?' हेही नेमके ठाऊक नसते: १४ डिसेंबर २०१२ रोजी सँडी हूक शाळेत २६ जण मारले गेल्यावर कित्येक वृत्तसंस्थांनी मारेकरी म्हणून ज्याचे नाव दिले, तो खऱ्या मारेकऱ्याचा भाऊ होता आणि त्या वेळी कामावर गेलेला होता.