मुंबईचं सागवान, हार्टलपूलचं पाणी

आपल्या हट्टा गावाहून समुद्र फार लांब. आपलं पाणी वैनगंगेचं. ते प्राणहितेत, मग गोदावरीत मिसळून केव्हातरी बंगालच्या उपसागराला मिळतं. पण सागवान आपल्या घरातलं. चौकटीला हात लावला की कळतं. म्हणून इंग्लंडमधल्या हार्टलपूलच्या गोदीतलं ‘त्रिंकोमाली’ हे सागवानी जहाज मला परकं वाटत नाही.

ते घडलं मुंबईत. नेपोलियनशी चाललेल्या लढायांमुळे इंग्लंडला ओक लाकडाची टंचाई होती. मुंबईच्या गोदीत मलबारचं सागवान होतं आणि पारशी वाडियांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं कसब होतं. ‘त्रिंकोमाली’चे आराखडे घेऊन निघालेलं ‘जावा’ हे जहाज १८१२ साली अमेरिकी जहाजाशी झालेल्या लढाईत गेलं, आराखडेही गेले. ते पुन्हा मागवावे लागले. १८१६ मध्ये जमशेटजी बमनजी वाडियांनी जहाजाच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकला आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी जहाज पाण्यात उतरलं. ओकमधल्या आम्लानं लोखंडी खिळे गंजतात, सागातलं तेल मात्र त्यांना सांभाळतं. जमशेटजींचं नाव इतिहासात राहिलं. वाकस आणि रंधा चालवणाऱ्या सुतारांची नावं कुणी घेत नाही, पण त्यांनी बसवलेले सांधे दोनशे वर्षांनंतरही तरंगताहेत.

तरी एवढ्यानं ते वाचलं नसतं. चांगल्या लाकडाची कितीतरी जहाजं फोडली गेली. हेही १८९७ साली भंगारात निघालं होतं. तेव्हा व्हीटली कॉब नावाच्या गृहस्थानं ते घेतलं, त्याचं नाव बदललं आणि मुलांना नौकानयन शिकवण्यासाठी वापरायला काढलं. तिथून १९८६ पर्यंत पोरं त्यावर राहिली, दोर ओढायला शिकली, फळ्या घासत राहिली. त्यानंतरच हार्टलपूलमध्ये मोठी डागडुजी सुरू झाली आणि ती २००१ पर्यंत चालली. मला वाटतं, जहाज जगलं ते त्या पोरांमुळे. ज्या वस्तूवर रोज कुणाचे तरी पाय पडतात, तिची फळी सैल झाली तर दुसऱ्या दिवशी कळतं. कुलपात ठेवलेल्या वस्तूचं कुजणं दार उघडेपर्यंत कुणाला दिसत नाही.

आपल्या हट्ट्यातली दगडी कमानींची बावडी डोळ्यांसमोर येते ती इथेच. तिच्या नावाचा फलक असावा, कुंपण असावं, हे खरं. पण त्याहून मला हवं आहे ते वेगळं. शाळेतल्या मुलांनी दर महिन्याला गुरुजींबरोबर तिथं जावं, पाण्याची पातळी मोजून वहीत लिहावी, कुठला दगड हलला, कुठे पिंपळ रुजला ते टिपावं आणि रोपटं कोवळं असतानाच गावाला सांगावं. मोजायला एक दोरी आणि एक दगड पुरतो.