राजा गेला, खोत राहिला

चौलमध्ये राजांच्या खुणांना तोटा नाही. पोफळीच्या वाड्यांआड राजकोटाचे आणि हमामखान्याचे अवशेष, रेवदंड्याला पोर्तुगिजांचा कोट, खाडीपलीकडे कोर्लईचा किल्ला. शिलाहार, निजामशाही, पोर्तुगीज, १७४० नंतर मराठे आणि आंग्रे. शेवटी १८४० मध्ये दत्तक नामंजूर करून कुलाब्याचं राज्य गिळणारं कंपनी सरकार. एवढे धनी पाहिलेल्या या मुलखातली राजसत्तेविरुद्धची क्रांती मात्र कोटाच्या भिंतींत सापडत नाही. तिच्यासाठी पोयनाडच्या बाजूला, खारेपाटात उतरावं लागतं.

पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलच्या बंदरात उतरला. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे. बहमनी राज्यात फिरताना उमरावांचा थाट आणि रयतेचं दैन्य त्याच्या नजरेतून सुटलं नाही. पण स्वतःच्या देशातले सरदार अन्यायी आहेत, हे त्याने रोजनिशीत रशियन सोडून तुर्कीमिश्रित भाषेत लिहिलं. हजारो कोस दूर, तरी धन्याचा धाक! राजेशाहीला तोफांपेक्षा या धाकाचाच आधार मोठा असावा. आणि रयतेला राजा सहसा दिसतच नाही. दिसतो तो त्याच्या नावाने दारात उभा राहणारा माणूस.

आमच्याकडे तो माणूस म्हणजे खोत. सरकारचा सारा पोचता केला की गावात त्याला मोकळं रान. कुळाने कसायचं, अर्धेलीचं भात त्याच्या कोठारात ओतायचं, वर वेठ. खारेपाटातली जमीन तर समुद्राकडून हिसकावून घेतलेली. उधाणाने बाहेरकाठ्याला, म्हणजे समुद्राकडच्या बांधाला, खांड गेली की रातोरात चिखल उपसून बांध घालणार कूळ, आणि कबुलायतीत मालक दुसराच.

२७ ऑक्टोबर १९३३ रोजी याच खारेपाटातल्या चरी गावच्या सभेत शेतकरी नेते नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी ठरवलं, खोताची जमीन कसायचीच नाही. २५ गावांनी नांगर खाली ठेवला, तो १९३९ पर्यंत. लाकूडफाटा विकून, खाडीतलं मिळेल ते खाऊन माणसं तगली. गिरणीत संप झाला की यंत्र थांबतं. इथे पाऊस दरसाल वेळेवर येत होता आणि शेतकरी हातावर हात ठेवून तो बघत होता. हे बळ आलं कुठून? मला ते बांधावर दिसतं. खांड गेली की अख्ख्या गावाने धावायचं, एकाने अंग काढलं तर सगळ्यांचं शेत खारं, ही शिस्त त्यांच्या अंगात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली होती.

विचारांची जोड नंतर मिळाली, आणि चांगली मिळाली. १९३४ मध्ये डॉ. आंबेडकर चरीला आले. १९३७ मध्ये पाटलांचं ‘कृषीवल’ हे वृत्तपत्र निघालं, आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही त्रयी आपण फ्रान्सकडून नव्हे तर बुद्धाकडून घेतली, असं त्यांनी पुढे बजावलं. फ्रान्सची आठवण तरी टळत नाही. १७८९ च्या उन्हाळ्यात तिथल्या शेतकऱ्यांनी गढ्यांत शिरून सरदारांच्या हक्कांची दप्तरं जाळली. ४ ऑगस्टच्या रात्री राष्ट्रसभेने सरंजामशाही संपल्याचा डंका पिटला खरा, पण बरेचसे हक्क शेतकऱ्याने पैसे मोजून सोडवायचे होते. ते भरपाईशिवाय उडाले १७ जुलै १७९३ ला, राजाचं मुंडकं उडाल्यावर सहा महिन्यांनी. चरीच्या कुळांना दप्तर जाळायचं नव्हतं. त्यात स्वतःचं नाव हवं होतं. मला ही मागणी जास्त धीट वाटते. गढी पेटवायला एक रात्र पुरते, तलाठ्याच्या वहीत शिरायला सहा वर्षं उपाशी राहावं लागलं.

१९३९ मध्ये महसूलमंत्री मोरारजी देसाई चरीला आले. त्याच वर्षी कुळांना संरक्षण देणारा कायदा झाला. खोती मात्र कायद्याने गेली १९४९ मध्ये. तोवर रेवदंड्याच्या खाडीच्या दक्षिणेला जंजिऱ्याच्या नवाबाचं सिंहासन कोसळलंही होतं. शिवाजी महाराजांना, संभाजी महाराजांना जो जंजिरा घेता आला नाही, तिथली राजवट जानेवारी १९४८ मध्ये नानासाहेब पुरोहित, मोहन धारिया आणि त्यांच्या साथीदारांनी काही दिवसांत खिळखिळी केली. राजा घालवणं हे तुलनेने सोपं काम आहे.

१ एप्रिल १९५७ ला, कृषकदिनी, कूळकायद्याने कसणारा मालक मानला गेला. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात तिष्ठणारी नावं मालकाच्या जागी सरकू लागली. आज अलिबाग-चौल पट्ट्यात तसल्या जमिनी फार्महाऊससाठी विकल्या जातात आणि आपण हळहळतो. ती हळहळ मला पटत नाही. ज्याचं नाव लागलं त्याला, कायद्याच्या अटी पाळून का होईना, विकायचाही हक्क आहे. अडतं ते बांधापाशी. मुंबईचा नवा मालक उधाणाच्या रात्री खांड बुजवायला येत नाही आणि शेजारच्याचं भातही खारं होतं. कूळकायद्याने जमीन दिली ती एकेकाच्या नावावर. बाहेरकाठा कुणाच्याच नावावर लागला नाही.