देवाचा हात कोठे पाहावा?

उपासनेच्या वेळी साक्ष देण्याचा जो प्रघात आमच्या मंडळ्यांतून आहे तो उत्तम आहे, याविषयी आमचे दुमत नाही. देवाची कृत्ये विसरणारे मन लवकरच कोरडे पडते. तथापि एका गोष्टीचा विचार खेड्यांतील बंधुभगिनींनी, विशेषतः उपदेशकांनी, करावा असे आम्हांस पुष्कळ दिवस वाटत आले आहे. आमच्या बहुतेक साक्षी सुटकेच्या असतात. साप पायावरून गेला, पण डसला नाही. शेजारच्या शेतात गारा पडल्या, आमचे पीक वाचले. यात देवाचा हात दिसला, असे आपण म्हणतो. मग शेजाऱ्याच्या शेतात कोणाचा हात होता?

हा प्रश्न आम्हांस एका रविवारी पडला, आणि फार उशिरा पडला, हे कबूल केले पाहिजे. एका बंधूने उभे राहून सांगितले की, बाजारच्या दिवशी जी जीप उलटली तीत तो बसणार होता. परंतु चपलेचा अंगठा तुटल्यामुळे मागे राहिला आणि प्रभूने त्यास राखले. मंडळीने ‘आमेन’ म्हटले. आम्ही सर्वांत मोठ्याने म्हटले. मग आमची दृष्टी मागल्या ओळीकडे गेली. तेथे एक विधवा बहीण पदर तोंडाशी धरून बसली होती. तिचा एकुलता एक मुलगा त्याच जीपमध्ये होता.

त्या बंधूची कृतज्ञता खोटी नव्हती. परंतु शिलोहातला बुरूज पडून अठरा माणसे मेली, ती इतरांहून अधिक अपराधी होती असे मानण्यास प्रभूने नकार दिला, हे लूकच्या तेराव्या अध्यायात आपण वाचतो. मेले ते अधिक पापी नव्हते, तर वाचले ते अधिक लाडके कसे? एक का वाचला आणि दुसरा का गेला, याचे उत्तर आम्हांपाशी नाही. डोंगरावरील प्रवचनात मात्र आकाशातील पित्याची ओळख सूर्य व पाऊस यांवरून करून दिली आहे, आणि ही दोन्ही बऱ्यावाइटांस सारखीच मिळतात. म्हणून अपवादात देवाचा हात शोधण्याआधी, जेथे त्याने कोणासच वगळले नाही तेथे तो पाहावा, असे आम्हांस वाटते.

दुसरे दिवशी आम्ही त्या बहिणीच्या घरी गेलो. सांत्वनाची वचने काढून ठेवली होती; ती उच्चारण्याचे धैर्य झाले नाही. ती चुलीपाशी बसून ओल्या फडक्याची पुरचुंडी सोडीत होती. मटकीला मोड आले होते. बोलण्यास काही नसल्यामुळे आम्ही ते पाहू लागलो, आणि पाहतच राहिलो.

कोरडी मटकी डब्यात महिनोन्महिने खड्यासारखी पडून असते, परंतु ती मेलेली नसते. तिचा श्वास अगदी मंद चालू असतो. पाणी आत शिरले म्हणजे साठविलेले पिष्ट हळूहळू साखरेत पालटते, साल फाटते, आणि पहिल्याने मूळ बाहेर येते. मुळाच्या टोकाशी पिष्टाचे बारीक कण असतात. ते आपल्या भाराने तळाशी बसतात, आणि त्यावरून मुळास खालची दिशा कळते. मृत समुद्राजवळील मसादा किल्ल्यात सापडलेली खजुराची सुमारे २००० वर्षांपूर्वीची बी २००५ साली पेरली असता उगवली. त्या झाडास मथुशलह असे नाव दिले आहे. मार्कच्या चौथ्या अध्यायातील शेतकऱ्यास बी कसे रुजते हे कळत नव्हते. आता शाळेतील मुलासही त्यातले थोडेसे कळते, आणि कारण कळले तर देव कशाला हवा, असे विचारणारे लोक भेटतात. भाकरी कशी थापतात हे रोज पाहणारे लेकरू आईचे उपकार नाकारीत नाही, एवढेच आम्ही त्यांस सांगतो.

‘‘मावशी, एवढी मटकी?’’ आम्ही विचारले.

‘‘दोघांची भिजत घातली जाते, पाळकसाहेब. हाताला अजून कळत नाही.’’

तिने अर्धे मोड एका वाडग्यात काढले, वर ताटली झाकली आणि पाळकीणबाईंस द्या म्हणाली. गुरुवारी तो वाडगा परत करावयास आम्ही गेलो, तेव्हा साक्ष देणारा तो बंधू तिच्या अंगणात सरपण फोडीत होता. त्यास कोणी पाठविले होते काय, हे आम्ही विचारले नाही.