बिघाडाचे कारण आणि न्यायशास्त्र

इंजिनात पुन्हा पुन्हा उद्भवणारा बिघाड तत्त्वज्ञानातला एक जुना प्रश्न समोर ठेवतो. कारण कळले, असे नेमके केव्हा म्हणता येते?

प्रीमियर पद्मिनी हे याचे जवळचे उदाहरण. फियाट 1100 च्या घराण्यातली, 1089 सीसी इंजिनाची, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ही गाडी ऑक्टोबर 2023 अखेर मुंबईच्या टॅक्सींतून निवृत्त झाली. आता ती हौशी मालकांकडेच उरली आहे. नायगावातून सकाळी निघालेली अशी एखादी गाडी थंड असताना छान पळते, टिळक पुलाच्या चढावर गर्दीत तापून मिसिंग मारते आणि बंद पडते. वीसेक मिनिटांनी काहीच झाले नाही अशी सुरू होते. पंपात पेट्रोलची वाफ अडली तरी हेच घडते, कॉइल तापून कमजोर झाली तरी हेच.

अशा वेळी इंजिनावरच्या पेट्रोल पंपावर ओले फडके टाकण्याची जुनी रीत आहे. फडके टाकले, गाडी सुरू झाली, म्हणून दोष पेट्रोलचा, असा निष्कर्ष निघतो. न्यायशास्त्र मानणारा नैयायिक इथे उपाधी शोधेल. धूर दिसला की अग्नी असतोच. पण अग्नी आहे म्हणून धूर असेलच असे नाही, त्याला ओले सरपण लागते. ती लपलेली अट म्हणजे उपाधी. फडक्याच्या बाबतीत ती अट मधल्या वेळाची आहे. तेवढ्या वेळात कॉइलही निवते. म्हणून गाडी बंद पडल्या क्षणीच कॉइलची मधली वायर इंजिनाच्या धातूजवळ धरून स्टार्टर मारून पाहावा. ठिणगी निळी, कडक पडली तर वीज निर्दोष. पिवळी, मरगळलेली पडली तर पेट्रोलकडे पाहण्याची घाई नको. निवलेल्या इंजिनावर केलेली हीच तपासणी काहीही सांगत नाही.

दुसरा प्रकार अधिक फसवा. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट जळतात, नवे घातले की गाडी सुधारते, काही दिवसांनी पुन्हा तेच. कंडेन्सर निकामी असेल तर पॉइंट उघडताना ठिणग्या उडून ते जळतातच. जे कारणातून जन्मते आणि त्याच कारणाच्या कार्याला जन्म देते, त्याला न्यायशास्त्रात व्यापार म्हणतात. जळलेला पॉइंट हा व्यापार आहे. तो बदलला की आराम पडतो, मूळ तसेच राहते. दोष परत येणे हा मालकाला वैताग वाटतो. ज्ञानाच्या दृष्टीने तोच सर्वांत मोलाचा पुरावा आहे, कारण एकदाच घडलेल्या घटनेवरून व्याप्ती, म्हणजे दोन गोष्टींमधला न चुकणारा संबंध, ठरत नाही.

ती ठरते अन्वय-व्यतिरेकाने: हे असेल तर ते असते, हे नसेल तर ते नसते. म्हणून एका वेळी एकच सुटा भाग बदलायचा. प्लग, पॉइंट, कॉइल आणि कार्ब्युरेटरचा जेट एकाच दुपारी बदलले तर गाडी दुरुस्त होईल, कारण मात्र कायमचे हरवेल. खरी कसोटी याहून कडक आहे. नव्या कंडेन्सरने दोष गेला, तर जुना परत बसवावा. दोष परत आला तर संशय फारसा उरत नाही.

तरी अनुमानावर विश्वास न ठेवणारा चार्वाक म्हणेल, पुढच्या खेपेला असेच होईल याची हमी काय? दहाव्या शतकातल्या उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत दिलेले उत्तर या गॅरेजातही चालते. शंकेची धाव आपल्याच वागण्याशी विरोध येईपर्यंतच. संशय घेणारा मालकही गाडी अडली की आधी कंडेन्सरकडेच हात नेतो.

सर्वांत अवघड गाडी ती, जिच्यात कॉइल थोडी अशक्त, पॉइंट थोडे झिजलेले, मिश्रण थोडे पातळ असते. यातला एकटा कोणताही दोष तिला थांबवत नाही. तिन्ही मिळून पुलावर थांबवतात. एक भाग बदलला तरी गाडी चालते, त्यामुळे तिघा मेकॅनिकांपैकी प्रत्येकाला आपलेच निदान खरे वाटते. नैयायिकांनी सुट्या कारणापेक्षा कारणसामग्रीचा, म्हणजे सर्व कारणे एकत्र येण्याचा, विचार केला तो अशाच ठिकाणी कामी येतो. इथे एक मुख्य कारण शोधणे हीच चूक असते. तिन्ही भाग एकेक करून मोजावे लागतात, आणि गाडी चालू झाल्यावरही उरलेले दोन तपासावे लागतात.