मांडीखालचा ससा

गवतकापणी सुरू झाली की आमच्या भागात सशाची पिल्लं घरात येतात. भिवंडीहून अंबाडीमार्गे वज्रेश्वरीकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना अजून जे थोडे माळ उरले आहेत, तिथे दिवाळीच्या सुमाराला विळे चालू लागतात आणि गवताच्या बुंध्याशी दबून बसलेलं मूठभर पिल्लू कुणाच्या तरी हाती लागतं. उन्हाळ्याच्या तोंडाशी आंब्याच्या किंवा ताडाच्या ढोलीतून पोपटाची पिल्लं काढली जातात. कधी विहिरीवर कासव सापडतं, कधी मुंगसाचं पोर, कधी विजेच्या तारेला चिकटून मेलेल्या माकडिणीचं पिल्लू. आमच्या गावातली माणसं ही पिल्लं घरी आणतात ती बहुतेक वेळा मायेनं आणतात. कापडाच्या वातीनं दूध पाजतात, चुलीशेजारी टोपलीत निजवतात. म्हणूनच या गोष्टीकडे केवळ गुन्हा म्हणून पाहायला माझं मन तयार होत नाही. यात एक धर्मप्रश्न आहे, आणि तो धर्मप्रश्न म्हणूनच सोडवायला हवा.

माझं आयुष्य जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवण्यात गेलं. आता चातुर्मासात गावच्या देवळात मी भागवत वाचते. शाळेत असताना चौथीतला एक मुलगा सदऱ्यात गुंडाळून सशाचं पिल्लू घेऊन आला होता. "बाई, याला आई नाय. आता मीच याला पालनार." मी त्याला म्हटलं, जिथून उचललंस तिथेच संध्याकाळच्या आत नेऊन ठेव, त्याची आई येईल. त्याचा चेहरा पडला. तो म्हणाला, "मंग बाई, दया करायची नाय का?" पिल्लू त्याच्या बापानं त्याच दिवशी माळावर परत नेऊन ठेवलं. प्रश्न मात्र माझ्याकडे राहिला आणि दर वर्षी भागवताचा पाचवा स्कंध आला की तो पुन्हा पुढ्यात येतो.

आधी सशाचं सांगते, कारण धर्माचा विचार वस्तुस्थिती सोडून करता येत नाही. आपल्याकडच्या रानसशाचं पिल्लू अंगावर लव घेऊन आणि डोळे उघडे ठेवूनच जन्मतं. आई त्याला गवतात दडवून दूर निघून जाते. ती जवळ बसली तर तिच्या वासावर कोल्हा-कुत्रा येईल, म्हणून दिवसभर ती लांबच राहते आणि अंधार पडल्यावर थोडा वेळ येऊन पाजून जाते. भेकरासारखी हरणंही असंच करतात. म्हणजे आपण ज्याला पोरकं समजून उचलतो, त्याची आई पुष्कळदा जिवंत असते. संध्याकाळी ती येते आणि तिला जागा रिकामी सापडते. आपली दया तिच्या लेखी चोरी असते.

जुन्नरच्या उसाच्या पट्ट्यात हे फार चांगलं उमगलेलं आहे. तिथे ऊसतोडीच्या वेळी फडात बिबट्याचे बछडे सापडतात. वनखात्याची माणसं आणि माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रातले पशुवैद्य त्या बछड्यांना तपासतात आणि रात्री त्याच शेतात, त्याच जागी पेटीत ठेवून लांब थांबतात. आई येते, पेटी उलथवते, बछडं तोंडात धरून नेते. ज्या जनावरानं शेळी नेली, कुत्रं नेलं, त्याचं पोर त्याला परत देण्यासाठी माणसं रात्र जागवतात. याहून मोठी भूतदया मला ठाऊक नाही, आणि तिच्यात पाळणं कुठेच नाही.

आता पाचव्या स्कंधातली भरत राजाची गोष्ट. राज्य मुलांना देऊन भरत गंडकीकाठी तप करत राहिला. एक गाभण हरिणी पाण्यावर आली, सिंहाची डरकाळी ऐकून तिनं नदीवरून उडी घेतली, तिचं पाडस प्रवाहात पडलं आणि ती पलीकडे जाऊन मेली. भरतानं पाडस उचललं, आश्रमात आणलं, वाढवलं. हळूहळू स्नान-संध्या सुटली, पूजा सुटली. पाडस क्षणभर दिसलं नाही तरी त्याचा जीव कासावीस व्हायचा. शेवटच्या घटकेला ते हरीण मुलासारखं त्याच्याजवळ बसलेलं होतं. त्याच्यावरच चित्त ठेवून राजानं देह सोडला आणि तो हरणाच्या जन्माला गेला.

कीर्तनकार या कथेतून सांगतात की आसक्ती ठेवू नका, अंतकाळी देव आठवला पाहिजे. ते खरं आहे. पण गावात कथा सांगताना मला त्यात आणखी दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी की, भरतानं पाडस पाण्यातून काढलं यात काहीच चुकलं नाही. आई त्याच्या डोळ्यांदेखत मेली होती. त्या क्षणी तपाला बसून राहणारा ऋषी मला नको आहे. चूक पुढे झाली. पाडस चरायला लागलं, शिंगं फुटायच्या वयाला आलं, रानात कळप होते, तरी राजानं ते जवळ ठेवलं. तोवर पाडसाला राजाची गरज होती, तिथून पुढे राजाला पाडसाची गरज लागली. दया कुठे संपली आणि मोह कुठे सुरू झाला, ते ठिकाण इथे बोट ठेवून दाखवता येतं.

दुसरी गोष्ट कुणी विचारत नाही. राजाला पुढचे जन्म मिळाले, पूर्वजन्माची आठवण राहिली, जडभरत होऊन तो मुक्त झाला. त्या हरणाचं काय झालं? माणसाच्या मांडीवर वाढलेलं, सिंहाचा वास न ओळखणारं, कळपाची भाषा न शिकलेलं ते हरीण राजा गेल्यावर कुठे गेलं असेल? कथा ते सांगत नाही, कारण कथा राजाच्या मुक्तीची आहे. पण आपण पाळलेल्या प्रत्येक रानजीवापाशी हा प्रश्न उभा असतो. आपल्या मोहाची शिक्षा आपल्या आधी त्याला होते. त्याचं भय जातं, आणि रानात भय गेलेला जीव फार दिवस जगत नाही.

भरताच्या कथेला उत्तर मला आपल्याच मराठी मातीत सापडलं. तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी 'लीळाचरित्रा'त गोळा केल्या. त्यात एक ससा आहे. पारध्यांनी आणि कुत्र्यांनी पाठ धरलेला तो ससा धावत येऊन स्वामींच्या मांडीखाली शिरला. पारध्यांनी तो मागितला. हा शरण आलेला आहे, म्हणून स्वामींनी दिला नाही. त्या निरपराध जिवाबद्दल ते पारध्यांशी बोलले. पारधी निघून गेल्यावर त्यांनी मांडी उचलली आणि सशाला जायला सांगितलं.

माझ्या मते सबंध भूतदया त्या मांडी उचलण्यात आहे. ससा वाचला होता, जवळ होता, उबेत होता. स्वामींना तो ठेवून घेता आला असता आणि कोणी नावं ठेवली नसती. शिष्यांनी कौतुकच केलं असतं. पण संकट टळताच त्यांनी त्याला त्याच्या वाटेला लावलं. भरतानं उचललं आणि धरून ठेवलं. चक्रधरांनी झाकलं आणि सोडलं. त्या मुलाचा प्रश्न होता, दया करायची की नाही. करायची, पण मांडी उचलण्यापर्यंत करायची. अर्ध्यावर थांबलेली दया ताबा होऊन बसते.

आमची आजी माळकरी होती. तिच्या ओटीवर पिंजऱ्यात पोपट होता आणि तो 'इठ्ठल इठ्ठल' म्हणायचा. गणिकेनं पोपटाला रामनाम शिकवता शिकवता तिचा उद्धार झाला, ही कथा आपण कीर्तनात ऐकतो. आजीच्या श्रद्धेत खोट नव्हती. तरीही मी हा विचार टाळू शकत नाही की, नामस्मरण म्हणजे जिवानं आपणहून मारलेली हाक. पोपटाला त्याचा स्वतःचा आवाज आहे. पहाटे थव्यानं शेतावरून जाताना तो जे ओरडतो ते त्याला देवानंच दिलं. ते हिरावून त्याच्या चोचीत आपला शब्द घातला तर भजन कुणाचं झालं? संतांनी झाडांना, पाखरांना सोयरे म्हटलं. सोयऱ्याला कुणी कोंडत नाही.

भिवंडीत राहून हा विचार एकाच धर्माच्या अंगानं करणं मला जमलं नाही. शहरातल्या उर्दू शाळेतल्या एका सहकारी बाईंनी मला पैगंबरांच्या दोन हदीस सांगितल्या. एका बाईनं मांजर कोंडलं, त्याला खायला दिलं नाही आणि स्वतःचं स्वतः शोधून खायलाही सोडलं नाही, म्हणून ती नरकात गेली. दुसरीत प्रवासातल्या सोबत्यांनी एका पाखराची पिल्लं उचलली. आई वर घिरट्या घालू लागली. पैगंबरांनी ते पाहिलं आणि तिची पिल्लं तिला परत द्यायला सांगितलं. हे ऐकताना मला माणिकडोहची पेटी आठवली. देवाकडे जाण्याच्या वाटा वेगळ्या असतील, पण पिल्लू आईचं आहे यावर सगळ्या वाटा एकमत आहेत.

आणि ज्यांना आपण अडाणी म्हणतो त्या वारली माणसांनी तर हा धर्म पोथीशिवाय आचरला. ठाणे-पालघरच्या पाड्यांवर वाघोबा आहे. लाकडावर किंवा दगडावर वाघ कोरलेला, वर चंद्र-सूर्य, अंगाला शेंदूर. आश्विन वद्य द्वादशीला, वाघबारशीला त्याची पूजा होते. गुरंढोरं राख, पोरंबाळं राख, असं त्याच्याकडे मागणं असतं. तुंगारेश्वरच्या डोंगरात, तानसाच्या जंगलात बिबट्या आहे, हे त्यांना रोज ठाऊक असतं. त्याला देव मानायचं, त्याचं भय बाळगायचं आणि त्याला त्याच्या जागी राहू द्यायचं. भक्तीसाठी जवळीक लागते असं आपण समजतो. वाघोबाची भक्ती अंतर राखून चालते, आणि म्हणूनच ती वाघाला वाघ राहू देते.

याच्या उलट बाजूलाही खरी माया असते, हे मी नाकारत नाही. २०२५ च्या जुलैत कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणीच्या जैन मठातली महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशानंतर जामनगरच्या वनतारा या प्राणी केंद्रात नेली, तेव्हा गावंच्या गावं रडली. तीन दशकांहून अधिक काळ ती तिथे होती. ते अश्रू खोटे नव्हते. पण माया खरी आहे एवढ्यावरून ताबा योग्य ठरत नाही. हत्ती कळपानं राहणारा, दिवसभर चालणारा प्राणी आहे. ती कुठे असावी याचा वाद घालताना मठ आणि वनतारा ही दोनच नावं समोर होती. कळप आणि रान यांचं नाव कुणी घेत नव्हतं, कारण तिच्यासाठी ती वाट लहानपणीच बंद झाली होती.

अशी वाट बंद झालेले जीव असतात, आणि त्यांच्यासाठी हेमलकसा आहे. १९७३ साली तिथे, भामरागडच्या जंगलात, लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आमटे यांना माडिया शिकारी मारलेलं माकड नेताना दिसले आणि त्या मेलेल्या आईला पिल्लू बिलगलेलं होतं. ते पिल्लू त्यांनी मागून घेतलं. पुढे अशी पोरकी पिल्लं येत गेली आणि तिथे प्राण्यांचं अनाथालय उभं राहिलं. विलास मनोहरांच्या 'नेगल' या पुस्तकातून तिथला बिबट्या मराठी घराघरांत पोचला. पण ते पुस्तक वाचून कुणाला बछडं पाळावंसं वाटलं तर त्यानं पुस्तकाचा अर्धाच भाग घेतला. तिथे आई खरोखर मेलेली होती. पोटासाठी शिकार करणाऱ्या माणसांच्या भुकेचाही विचार त्या कामात होता. आणि परत न जाऊ शकणाऱ्या जिवाचं ऋण जन्मभर फेडण्याची तयारी होती. हौसेचा त्यात भाग नव्हता.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा रानातला प्राणी घरी ठेवू देत नाही. देशी पोपटही त्यात आला, कासवही आलं. जखमी जीव सापडला तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवायचं असतं. गावात हे सांगितलं की लोक म्हणतात, सरकारला काय कळते माया? मी त्यांना सांगते, हा कायदा भागवतातल्या भरताला माहीत असता तर त्याचा एक जन्म वाचला असता.

मात्र त्यांचा एक प्रश्न मला निरुत्तर करण्याइतका खरा आहे: "बाई, सोडायचा, पन कुठं?" काल्हेर, मानकोली, दापोडे इथली शेतं गोदामांखाली गेली. पडघ्याकडेही तेच चाललं आहे. ज्या माळावर पिल्लू परत ठेवायचं, तिथे पुढच्या वर्षी पत्र्याची शेड असते. उरलेल्या डोंगराला उन्हाळ्यात वणवा लागतो. चक्रधरांनी मांडी उचलली तेव्हा सशापुढे रान होतं. आपण मांडी उचलली तर पुढे काय आहे?

म्हणून मला वाटतं, आजची भूतदया पिल्लाला दूध पाजण्यात पुरी होत नाही. शेताच्या कडेचा गवताचा पट्टा न कापता ठेवणं, जुनं ढोलीचं झाड जळणासाठी न पाडणं, राब भाजताना आग डोंगरात जाऊ न देणं, गावाचं गायरान विकायला निघालं तर ग्रामसभेत उभं राहून नाही म्हणणं, हे सगळं त्या दयेचं उरलेलं अर्धं अंग आहे. त्यात उबदार पिल्लू कुशीत घेण्याचा आनंद नाही. कुणी फोटो काढणार नाही, कुणी कौतुक करणार नाही. पण ज्याला जिवांचा कळवळा आहे असं म्हणायचं आहे, त्यानं त्यांचं घर राखावं. देवानं त्यांना घर दिलेलं होतं. आपलं घर त्यांना देऊ करण्याची वेळ आपणच त्यांचं घर घेतल्यामुळे आली आहे.