अकरा घरं

एका तालुक्याच्या गावी एक जुनं दगडी चर्च होतं. मंडळी मराठी, मेथडिस्ट, घरं शंभराच्या आत. दर रविवारी नऊला घंटा व्हायची. लोक आपापल्या ठरलेल्या बाकांवर बसायचे, पेटी-तबल्यावर गीतं व्हायची, पाळकसाहेबांचा उपदेश व्हायचा. उपासना सुटली की दारात हात मिळवून ‘जय ख्रिस्त’ म्हणायचं, आणि पाच मिनिटांत आवार रिकामं व्हायचं. चेहरे सगळ्यांचे सगळ्यांना माहीत होते. घरं फार थोड्यांनी पाहिली होती.

एका पावसाळ्यात छप्पर गळू लागलं. पंचकमिटीने पतसंस्थेकडून एक लाख रुपये कर्ज काढलं आणि पत्रे बदलले. छप्पर झालं, हप्ते सुरू झाले. दोन हप्ते थकल्यावर कमिटी बसली.

कोणी म्हणालं, नाताळात विशेष दान घेऊ. कोणी म्हणालं, मुंबईच्या नातेवाइकांना लिहू. पाळकसाहेबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि एक जुनी हकिगत सांगितली. १७४२ साली इंग्लंडात ब्रिस्टल शहरी मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लींच्या मंडळीवरही असंच प्रार्थनाघराचं कर्ज होतं. फेब्रुवारीत सगळे जमले. फॉय नावाचा एक कप्तान म्हणाला, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी, कर्ज फिटेल. दुसरा म्हणाला, गरिबांनी कुठून द्यायची? तेव्हा कप्तान म्हणाला, सगळ्यांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन. ज्याला जमेल तो देईल. ज्याला जमणार नाही त्याची पेनी मी भरेन.

खजिनदारांनी लगेच हिशेब मांडला. शहाण्णव घरं. घरामागे आठवड्याला दहा रुपये. बारा घरांचा एक गट, असे आठ गट. दोन वर्षांत मुद्दल फिटतं. सगळ्यांना पटलं. मग गट पाडायला यादी घेतली. ज्याने त्याने आपली गल्ली, आपले सोयरे उचलले. शेवटी अकरा घरं उरली. ती कोणालाच नको होती. तिथे दहा रुपयेही सुटणार नाहीत, असं एक जण म्हणाला.

दाराजवळ एक गृहस्थ बसले होते. एसटीत कंडक्टर होते, नुकतेच निवृत्त झाले होते. गाव त्यांना कंडक्टरमामा म्हणायचं. कमिटीत ते फारसे बोलत नसत.

“ती घरं मला द्या,” ते म्हणाले.

“आणि नाही दिले तर?”

“मी भरेन.”

शनिवारी संध्याकाळी मामा निघाले. खांद्याला नोकरीतली जुनी चामडी पिशवी, हातात वही. वहीत त्यांनी वे-बिलासारखे रकाने आखले होते: घर, रक्कम, शेरा. शेऱ्याचा रकाना सवयीने आखला गेला होता. त्यात काय लिहायचं, हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं.

पहिलं घर एका आजींचं. दोन वर्षांपासून त्या चर्चमध्ये दिसत नव्हत्या. लेकीकडे पुण्याला गेल्या असतील, असं सगळ्यांनी धरलं होतं. आजी घरातच होत्या. तपकिरीच्या डबीतून त्यांनी नाणी काढली आणि एकेक बोटाने चाचपून मोजली. दोनाचं नाणं कोणतं, पाचाचं कोणतं, हे त्या कडेवरून ओळखत होत्या.

“मावशी, दिवा लावू का?” मामांनी विचारलं.

“दिवा लागलेलाच आहे, बाबा,” आजी म्हणाल्या.

मामांनी वर पाहिलं. दिवा लागलेलाच होता. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, चर्चला का येत नाही? आजी म्हणाल्या, “त्या तीन पायऱ्या दिसत नाहीत रे. एकदा पडले. पुन्हा पडले तर करायला कोण आहे?” बाहेर येऊन मामांनी शेऱ्यात लिहिलं: मोतीबिंदू. पायऱ्या.

दुसरं घर वेल्डिंगचं दुकान चालवणाऱ्या एका तरुणाचं. बायको दारातच म्हणाली, “मामा, ते झोपलेत. पुढच्या वेळी बघू.” आतून वास येत होता. मामांनी स्वतःचे दहा टाकले, त्याच्या नावापुढे रक्कम लिहिली आणि पुढे गेले. असं पाच शनिवार झालं. सहाव्या शनिवारी तो स्वतः दारात उभा होता. त्याने पन्नासाची नोट पुढे केली. “तुमची उधारी,” तो म्हणाला, आणि मान खाली घातली.

तिसरं आणि चौथं घर शेजारी शेजारी, चुलतभावांचं. मधल्या भिंतीवरून चार वर्षं बोलणं बंद होतं. दोघेही दहा रुपये देताना विचारायचे, “पलीकडच्याने किती दिले?” पुढच्या एका खोलीत ग्रामीण रुग्णालयातली सिस्टर भाड्याने राहायची. ती विदर्भातून आली होती. वर्षभर शेवटच्या बाकावर बसत होती, पण तिचं नाव कोणी विचारलं नव्हतं. मामांनीही त्या दिवशीच विचारलं.

असे आठवडे गेले. रकमेचा रकाना कधी भरायचा, कधी मामा भरायचे. शेऱ्याचा रकाना मात्र दर आठवड्याला वाढत गेला.

पुढे मामांचा गुडघा दुखू लागला. अकरा घरं फिरता फिरता रात्रीचे साडेनऊ वाजायचे. सिस्टरची ड्यूटी असायची, एका घरची मुलगी स्वयंपाकाच्या कामावरून उशिरा यायची. कोणी भेटायचं, कोणी नाही. मामांनी आजींना सांगितलं, आता कसं करायचं समजत नाही.

“माझ्या ओट्यावर या सगळे,” आजी म्हणाल्या. “मला बाहेर पडता येत नाही, तुम्हाला येतं ना!”

पहिल्या शनिवारी सात जण आले. पैसे देऊन झाले. मग काय बोलायचं, कोणालाच सुचेना. चुलतभाऊ ओट्याच्या दोन टोकांना बसले होते. तेवढ्यात आजींनी टिळकांचं एक गीत सुरू केलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण रेव्हरंड टिळकांची गीतं लहानपणापासून पाठ होती. दुसऱ्या कडव्याला सगळे सामील झाले. त्यानंतर दर शनिवारी एक गीत आणि पवित्र शास्त्रातला एक उतारा, असं ठरलं. उपदेश कोणी करायचा नाही. ज्याला जे कळलं नाही त्याने ते विचारायचं.

एका शनिवारी मार्काचा दुसरा अध्याय निघाला. कफर्णहूमातलं घर, दाराशी गर्दी, चौघांनी बाजेवर आणलेला पक्षघाती माणूस. वाट मिळेना म्हणून त्यांनी छप्पर उकरलं आणि त्याला वरून खाली सोडलं. गोष्ट सगळ्यांना लहानपणापासून ठाऊक होती.

वेल्डिंगवाल्या तरुणाने विचारलं, “छप्पर परत कोणी बसवून दिलं?”

सगळे हसले. तो हसला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, “आणि त्याला स्वतःला जायचं होतं का? ते कुठे लिहिलंय?”

मामांनी पुन्हा वाचलं. तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. सिस्टर म्हणाली, “आमच्याकडे असे रोज येतात. स्वतःहून कोणी येत नाही, उचलून आणतात.”

आजी म्हणाल्या, “पुढचं वाच. येशूने विश्वास पाहिला तो कोणाचा?”

मामांनी वाचलं. ‘त्यांचा’ असं होतं. आणणाऱ्यांचाही. साठ वर्षं हा उतारा ऐकूनही मामांच्या हे कधी ध्यानात आलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी गीत झाल्यावर तो तरुण म्हणाला, “मला सोडायची आहे. एकट्याने होत नाही.”

कोणी त्याला शहाणपण शिकवलं नाही. मामांनी एवढंच विचारलं, “अवघड वेळ कोणती?” तो म्हणाला, संध्याकाळी सातची. दुकान बंद करून घरी जाताना वाटेत गुत्ता लागतो. मग ठरलं, रोज सातला कोणीतरी दुकानावर जायचं आणि त्याच्याबरोबर घरापर्यंत चालत यायचं. सिस्टरने दोन वार घेतले, मामांनी एक. बाकीचे चार वार दोघा चुलतभावांना आले, एक दिवस याचा, एक त्याचा.

तरुण दोनदा घसरला. पहिल्या वेळी तो लाजून दोन शनिवार आला नाही. तरी सातला दुकानावर माणूस येतच राहिला. एके दिवशी थोरल्या चुलतभावाला ताप भरला. त्याची पाळी होती. त्याने धाकट्याच्या दारात मुलाला पाठवलं: आज तू जा. चार वर्षांत पहिल्यांदा या घरातून त्या घरात निरोप गेला. धाकटा गेला. येताना डॉक्टरांकडून गोळ्या घेऊन आला आणि भावाच्या दारात जाऊन म्हणाला, “जेवल्यावर घे.”

सिस्टरने आजींना सरकारी शिबिरात नेलं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर आजींनी आधी वही मागितली. अक्षरं त्यांना येत नव्हती, पण रकाने पाहायचे होते. तरुणाने चर्चच्या पायऱ्यांना लोखंडी कठडा वेल्ड करून दिला. त्या रविवारी आजी कठडा धरून, कोणाचा हात न घेता आत गेल्या.

सगळंच सुरळीत झालं असं नाही. ओट्यावर कोणी मन मोकळं करून सांगितलेली एक घरगुती गोष्ट रविवारी चर्चच्या आवारात चघळली गेली. ते घर दुखावलं आणि यायचं थांबलं. मामा त्या घरी तीनदा गेले. मग सगळ्यांसमोर सांगितलं, ओट्यावरचं बोलणं ओट्यावरच राहील. ज्याला हे जमत नसेल त्याने गीतापुरतं यावं. दोन महिन्यांनी ते घर परत आलं.

पाहता पाहता ओट्यावर वीस माणसं होऊ लागली. मागच्यांना ऐकू जाईना, आणि गर्दीत लाजरी माणसं पुन्हा गप्प झाली. मामा तरुणाला म्हणाले, “तुझ्या अंगणात दुसरा गट बसव.”

“मी? मी काय सांगणार लोकांना?”

“सांगायचं कशाला? तुझ्या दारात माणसं सातला यायची. तेवढंच कर,” मामा म्हणाले, आणि एक कोरी वही त्याच्या हातात दिली. रकाने आखलेले होते.

सव्वादोन वर्षांत व्याजासकट कर्ज फिटलं. खजिनदारांनी कमिटीत जाहीर केलं, आता वर्गणी बंद. आठही वह्या जमा करायला सांगितल्या. सात वह्यांत रकमा नीट होत्या. काही गटप्रमुखांनी तर घरी न जाता मुलांना पाठवूनच पैसे गोळा केले होते. मामांची वही खजिनदार बराच वेळ चाळत बसले. रक्कम इतर गटांइतकीच होती. पण शेऱ्याचा रकाना शब्दांनी भरून पानाच्या कडेपर्यंत गेला होता. मोतीबिंदू. पायऱ्या. बोलणं बंद. परीक्षेत नापास, घरी सांगितलं नाही. भिंतीबद्दल आज हसले. आज तिने पहिल्यांदा मोठ्याने प्रार्थना केली.

खजिनदारांनी वही पाळकसाहेबांकडे दिली. त्यांनी ती वाचली आणि म्हणाले, “ब्रिस्टलची हकिगत मी तेव्हा अर्धीच सांगितली होती.”

उरलेली अर्धी त्यांनी तेव्हा सांगितली. पेनी गोळा करायला गेलेली माणसं परत येऊन वेस्लींना सांगू लागली, की अमक्याच्या घरी असं चाललं आहे, तमक्याचं जगणं बिघडलं आहे. वेस्लींना जाणवलं, आपण इतके दिवस शोधत होतो ते हेच. त्यांनी प्रमुखांना सांगितलं, पैसे घ्या, पण माणसाची विचारपूस आधी करा. पुढे घरोघरी फिरायला वेळ पुरेना, आणि जे चाकरीला होते त्यांच्या मालकांना कोणी भेटायला आलेलं चालेना. तेव्हा ते बाराजण आठवड्यातून एकदा एकत्र बसू लागले. त्यांना ‘क्लास’ म्हणत. पुढे आपल्या मुंबईतही, १८७१-७२ मध्ये विल्यम टेलर नावाचे मिशनरी आले तेव्हा त्यांनी नव्या विश्वासणाऱ्यांचे असेच छोटे गट घराघरांत बसवले. तिथली मेथडिस्ट मंडळी त्या गटांतूनच उभी राहिली.

कमिटीने वर्गणी बंद केली आणि शनिवार चालू ठेवले. ज्या गटांत नुसते पैसे गोळा झाले होते, त्यांतले तीन लगेच विरले. बाकीचे टिकले. तरुणाच्या अंगणातला गट आजही बसतो.

ही गोष्ट सांगताना मला खजिनदारांचा दोष दाखवायचा नाही. छप्पर गळत होतं आणि हप्ते भरायचेच होते. रविवारची उपासनाही हवी; शंभर घरांनी एका आवाजात गायलेलं गीत ओट्यावर होत नाही. पण रविवारी आपण पाठमोऱ्या माणसांच्या रांगेत बसतो. पुढच्या बाकावरच्या आजींना दिसत नाही, मागच्या बाकावरच्या मुलीला कोणी नावाने हाक मारलेली नाही, हे तिथे बसून कळत नाही. आणि ज्याचं काही कळत नाही त्याच्यासाठी नेमकी प्रार्थनाही करता येत नाही. विश्वास वाढायला उपदेश लागतो हे खरं, पण सातला दारात येणारं माणूसही लागतं. कंडक्टरमामांनी आयुष्यात एकही उपदेश केला नाही, आणि तरी त्या मंडळीतले जे लोक आज दुसऱ्यांना सांभाळतात, त्यांतले बरेचसे त्यांच्या यादीतले आहेत.

तुमच्या मंडळीतही अशी यादी असेल. तिच्यात शेवटी उरलेली घरं कोणती, ते एकदा विचारून घ्या, आणि या शनिवारी त्यातल्या एका घरी जाऊन या. काय बोलायचं याची काळजी नको. आधी नाव विचारा.