लेकराच्या हातातला डबा

१९९३ साली गणपती बुडवून गाव झोपलं, अन् ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास तिकडं किल्लारीला भुई हादरली. लातूर-उस्मानाबादकडची गावंच्या गावं दगडमातीच्या भिंतींखाली गेली. हजारो माणसं झोपेतच मेली. आमच्याकडंही घरं तसलीच, जाड भिंतींची, वर मातीचं धाबं. त्यामुळं ते दुःख परक्याचं वाटलं नाही.

थोड्या दिवसांनी शाळेतून लेकरांना मदत गोळा करायला लावलं. माझी थोरली तेव्हा चौथीत होती. झाकणाला खाच पाडलेला डबा घेऊन ती दारोदार फिरली अन् दिवेलागणीला रडत घरी आली. डब्यात सव्वीस रुपये होते. ज्याचे जास्त, त्याचं नाव फळ्यावर लिहिणार होते. एका पोराच्या डब्यात दोनशे होते. ते त्याच्या बापानंच टाकलेले.

“अण्णा, तुम्ही शंभर टाका ना. मंग मपलं नाव वर येईल.”

खिशात फवारणीच्या औषधासाठी ठेवलेली शंभराची नोट होती. हात खिशापर्यंत गेला अन् थांबला. किल्लारीच्या माणसाला पैसे कुणाच्या हट्टापायी आले, याच्याशी काय देणंघेणं? त्याची चूल पेटल्याशी मतलब. पण पोरगी यातून काय शिकणार होती?

घेणारा हात मला ठाऊक आहे. १९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. आई तलावाच्या कामावर माती वाहायची. आम्ही सुकडी खाल्ली, मिलो ज्वारीच्या तांबड्या भाकरी खाल्ल्या. वाढणारा माणूस आपल्या ताटाकडं बघतो का तोंडाकडं, हे भुकेल्या लेकराला बरोबर कळतं.

मी पोरीला विचारलं, “सव्वीस रुपये कुणी कुणी दिले?” तिला नीट सांगता येईना. एकच घर आठवलं. वेशीजवळच्या एकट्या म्हातारीनं पदराची गाठ सोडून आठ आणे दिले होते अन् विचारलं होतं, “बाई, तिथं किती लेकरं उरली गं?” पोरीला उत्तर आलं नव्हतं. कारण किल्लारी कुठं आहे, तिथं काय झालं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. शाळेनं नाही अन् मीही नाही. आम्ही सगळ्यांनी तिच्या हातात नुसता डबा दिला होता.

त्या रात्री मी तिला सगळं सांगितलं. सकाळी तिनं आपल्या दोन फ्रॉकांतला बरा फ्रॉक कपड्यांच्या गठुड्यात टाकला. शंभर रुपये मी स्वतः नेऊन दिले, नाव न लिहिता. फळ्यावर त्या दुसऱ्या पोराचं नाव आलं. पोरगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी बरोबर केलं का, हे मलाही तेव्हा कळत नव्हतं.

चढाओढ लावली की पैसा जास्त जमतो, हे खरं आहे. पण ज्याच्या बापाच्या खिशात काहीच नाही, ते लेकरू त्या दिवशी शाळेत खाली मान घालून बसतं. मदत गोळा करताना आपण आपल्याच वर्गात एक गरीब उघडा पाडतो.

आता नातू ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाचा कागदी झेंडा घेऊन येतो. मी पैसे देतो, पण आधी त्याला खाली बसवतो अन् विचारतो, “हे कुणासाठी रं, बाळा?” सांगता आलं नाही तर आधी दोघं मिळून माहिती काढतो. पैसे त्याच्यानंतर.